केमोच्या उलट्या आणि विजयाचं तेल: आईला द्यावं का?

डोंबिवलीच्या एका मुलाने विचारलं आहे: "आई ५८ वर्षांची. अंडाशयाचा कॅन्सर. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या तीन सायकल झाल्या. केमोच्या दुसऱ्या दिवसापासून पाच-सहा दिवस मळमळ, उलट्या. जेवण जवळपास बंद. पायांत झिणझिण्या, रात्री झोप नाही. पोटदुखीसाठी ट्रामाडॉल चालू आहे. मेहुण्यांनी ऑनलाइन विजयाच्या तेलाची बाटली मागवून दिली आहे. शेजारचे काका म्हणतात, दुधातून भांग द्या. व्हॉट्सअॅपवर आलंय की गांजाच्या तेलाने गाठ विरघळते. द्यावं का? किती? डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील का? आणि पोलिसांची भानगड तर होणार नाही ना?"

मी दादर-परळ भागात बरीच वर्षं कॅन्सरच्या पेशंटच्या वेदना आणि इतर त्रास कमी करण्याचं काम करते. हा प्रश्न माझ्याकडे आता जवळजवळ दर आठवड्याला येतो. बहुतेक वेळा तो ओपीडी संपताना, दाराशी, हळू आवाजात विचारला जातो. तुम्ही तो उघडपणे विचारलात हे फार चांगलं केलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात. विजया हे भांग-गांजाच्या झाडाचंच आयुर्वेदातलं नाव. गाठीवर उपचार म्हणून हे तेल देऊ नका. उलट्यांसाठी गांजातल्या एका द्रव्याचा उपयोग आहे, तो खरा आहे, पण नेहमीची औषधं पूर्ण आणि वेळेवर देऊनही उलट्या थांबत नसतील तेव्हाच. आणि तुमच्या लिहिण्यावरून मला शंका आहे की तुमच्या आईंच्या बाबतीत ती वेळ अजून आलेली नाही.

तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे चार तक्रारी आहेत: उलट्या, न जेवणं, झिणझिण्या, झोप. घरच्यांना त्या एकच वाटतात, कारण चारही एकाच माणसाला एकाच वेळी होत असतात. मग चारही गोष्टींवर एकच बाटली चालेल असं कुणी म्हटलं की जीव भांड्यात पडतो. पण या चारांची कारणं वेगळी आहेत, त्यांवरचं औषध वेगळं आहे, आणि गांजाबद्दलचा पुरावाही प्रत्येकाचा वेगळा आहे. म्हणून एकेक घेऊ.

उलट्यांपासून सुरुवात करते, कारण आईंना सगळ्यात जास्त थकवणारी गोष्ट तीच आहे, आणि सगळ्यात जास्त करण्यासारखंही तिथेच आहे.

असा पेशंट आला की मी आधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. त्या पिशवीतून जे कळतं ते केसपेपरवरून कळत नाही. ऑनडान्सेट्रॉनची पट्टी असते, दहातल्या आठ गोळ्या तशाच. विचारलं की उत्तर येतं, "उलटी झाली की द्यायची ना?" उलटी झाल्यावर दिलेली गोळी पुढच्या उलटीबरोबर बाहेर पडते. केमोनंतरची ही औषधं ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या वेळी, उलटी होवो न होवो, द्यायची असतात. दुसरी गोष्ट अशी की ऑनडान्सेट्रॉन पहिल्या चोवीस तासांच्या उलट्यांवर चांगलं काम करतं. तुमच्या आईंचा त्रास दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. या उशिरा येणाऱ्या उलट्यांचा मार्ग शरीरात वेगळा आहे, त्यावर डेक्सामेथासोन, अॅप्रेपिटंट आणि ओलान्झापिन ही औषधं जास्त उपयोगी पडतात. कार्बोप्लॅटिनच्या नेहमीच्या डोसबरोबर अॅप्रेपिटंटच्या गटातलं औषध द्यावं असं आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आईंना ते मिळतं का, हे डिस्चार्जच्या कागदावर बघा.

ओलान्झापिनबद्दल थोडं जास्त सांगते. ही मुळात मानसिक आजारांवरची गोळी. औषधवाल्याने ते बोलून दाखवलं की घरचे घाबरतात आणि गोळी बंद करतात. पण केमोच्या उलट्यांवर ती आज आपल्याकडच्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात स्वस्त औषधांपैकी एक आहे. तिची मुख्य अडचण म्हणजे गुंगी येते. यावर आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्येच मोठा अभ्यास झाला, २०२४ साली तो प्रसिद्ध झाला. जास्त उलट्या करणाऱ्या केमोवर असलेल्या पेशंटना नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिलं तरी उलट्यांवर तितकाच ताबा राहिला आणि दिवसाची गुंगी कमी झाली. रात्री झोपताना एक छोटी गोळी, केमोच्या दिवसापासून चार दिवस. तुमच्या आईंना झोपही लागत नाही, म्हणून या गोळीचा विचार डॉक्टर नक्की करतील.

आता पिशवीतली तिसरी गोष्ट, ट्रामाडॉल. ट्रामाडॉलने मळमळ होते. ट्रामाडॉलने बद्धकोष्ठही होतं. आणि जी ऑनडान्सेट्रॉन आपण उलटी थांबवायला देतो, तिनेही बद्धकोष्ठ होतं. चार-चार दिवस शौचाला झालं नाही की पोट फुगतं, अन्न पुढे सरकत नाही, आणि मळमळ वाढते. मग घरचे ऑनडान्सेट्रॉन आणखी देतात. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता उलटीचा पेशंट आला की पहिला प्रश्न शौचाचाच विचारते. बायका हे मुलासमोर सांगत नाहीत. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. बहिणीला किंवा बायकोला आईंशी बोलायला सांगा. ट्रामाडॉल चालू असेपर्यंत रोज रात्री पोट साफ होण्याचं औषध हवंच. कोणतं आणि किती, ते डॉक्टर ठरवतील.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. हा आजार पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरतो आणि आतड्याला बाहेरून आवळू शकतो. पोट फुगलेलं, कळा येऊन दुखतं, वारासुद्धा सरत नाही, उलटी हिरवी किंवा घाण वासाची, असं काही असेल तर ती केमोची उलटी धरून घरी बसू नका. त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या. अशा वेळी कुणी भांग किंवा तेल दिलं, पेशंट थोडा सुस्तावला आणि घरच्यांना वाटलं बरं वाटतंय, तर मोलाचे तास हातचे जातात. मला या तेलांची सगळ्यात मोठी भीती हीच वाटते, की ती कारण झाकतात.

हे सगळं नीट केलं आणि तरीही उलट्या राहिल्या, तर? अशा पेशंटसाठी गांजाला जागा आहे. मेंदूत उलटीवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात, गांजातलं टीएचसी हे द्रव्य ज्या जागी जाऊन चिकटतं अशा जागा आहेत, तिथे ते उलटीचा संदेश दाबतं. टीएचसीसारखी दोन औषधं, ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन, अमेरिकेत १९८५ सालीच याच कामासाठी मंजूर झाली. अलीकडे ऑस्ट्रेलियात चांगला अभ्यास झाला. नेहमीची औषधं देऊनही उलट्या होत असलेल्या पेशंटना त्या औषधांसोबतच टीएचसी आणि सीबीडी (गांजातलंच, नशा न करणारं दुसरं द्रव्य) प्रत्येकी २.५ मिलिग्रॅम असलेल्या कॅप्सूल दिल्या. २०२४ साली आलेल्या निष्कर्षांत, उलटी नाही आणि जादा औषधही लागलं नाही असे पेशंट औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ कॅप्सूलच्या गटात ८ टक्के होते, खऱ्या कॅप्सूलच्या गटात २४ टक्के. फायदा खरा आहे. पण हेही बघा, की चारातल्या तिघांना पूर्ण आराम मिळाला नाही, आणि गुंगी, चक्कर, अस्वस्थपणा खऱ्या कॅप्सूलच्या गटात जास्त होता. या संशोधनाच्या आधीच्या टप्प्यात त्रास होऊनही बहुतेक पेशंटनी पुढे हीच कॅप्सूल पसंत केली होती. ज्याला सतत ओकाऱ्या येतात त्याला थोडी गुंगी परवडते, हे मी समजू शकते. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४च्या सूचनांत एवढीच जागा दिली: इतर औषधांनी न थांबलेल्या केमोच्या उलट्या, आणि तेही मोजून-मापून बनवलेलं औषध.

आता तुमच्या हातातली बाटली. ऑस्ट्रेलियातल्या त्या कॅप्सूलच्या अभ्यासात जे काम झालं ते टीएचसीमुळे झालं असं मानायला जागा आहे. बाजारात 'विजया तेल' म्हणून जे मिळतं त्यात काहींत सीबीडीच जास्त असतं, काहींत टीएचसीही असतं, आणि काहींच्या लेबलावर नुसतं 'विजया पत्र अर्क, अमुक मिलिग्रॅम' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून आईंच्या पोटात नेमकं काय जाणार हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही. नुसत्या सीबीडीबद्दल बोलायचं, तर २०२३ साली ऑस्ट्रेलियातच प्रगत कॅन्सरच्या पेशंटवर सीबीडी तेलाचा अभ्यास झाला. चांगली पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी, सेवा मिळत असलेल्या लोकांना तेलाने त्यावर आणखी फायदा झाला नाही. लेबलांच्या खरेपणाचं म्हणाल, तर २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, त्यांतल्या ३१ टक्क्यांच्याच लेबलावरचं प्रमाण बरोबर निघालं. जिथे या मालाचा मोठा बाजार आहे तिथली ही गोष्ट.

न जेवणं. इथे मला तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

गांजाने भूक लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कॅन्सरच्या पेशंटवर जेव्हा हे तपासलं, तेव्हा निकाल निराश करणारा होता. २००२ साली ड्रोनाबिनॉल आणि मेजेस्ट्रॉल या भूक वाढवणाऱ्या औषधाची तुलना झाली. मेजेस्ट्रॉलने भूक ७५ टक्क्यांची सुधारली, ड्रोनाबिनॉलने ४९ टक्क्यांची, आणि वजन तर ड्रोनाबिनॉलने फारच थोड्यांचं वाढलं. मेजेस्ट्रॉलने रक्ताच्या गाठी होऊ शकतात, त्यामुळे तुमच्या आईंच्या आजारात मी ते सहज सुचवणार नाही. पण पुन्हा तीच ओलान्झापिन बघा: पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये पोट, यकृत-स्वादुपिंड आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना केमोबरोबर रोज २.५ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा ६० टक्क्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. दिखाऊ गोळीच्या गटात ते ९ टक्के होतं. एका गोळीत उलटी, भूक आणि झोप, तिन्हींना हात लागतो. ज्या एका बाटलीकडून तुम्ही आशा ठेवलीत, त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट मला ही वाटते. मधुमेह असेल तर साखर बघावी लागते, तेवढं डॉक्टरांना सांगा.

आणि घरातलं. मुंबईतल्या आणि उपनगरांतल्या बहुतेक घरांत पेशंटचा पलंग आणि गॅसची शेगडी यांच्यात पंधरा पावलंही नसतात. हिंग-मोहरीची फोडणी पडली की केमोवाल्या माणसाला ओकारी येतेच. त्या पाच-सहा दिवसांत फोडणीचं, तळणाचं शेजारी किंवा वरच्या मजल्यावर कुणाकडे करता आलं तर बघा, नाहीतर आईंना त्या वेळेला गॅलरीत बसवा. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून मऊ भात, साबुदाण्याची पेज, शिरा, हे कोमट किंवा गार करून द्या. तोंडाला धातूसारखी चव येत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी प्लॅस्टिकचा वापरा. कोकमाचं सार, लिंबू-साखर-मीठाचं पाणी, आवळ्याची फोड चालते. ताट वाढून समोर ठेवू नका, वाटीत द्या, दर दोन तासांनी. तोंड आलंय का, जिभेवर पांढरा थर आहे का, तेही टॉर्च मारून बघा. बुरशी असेल तर गिळताना दुखतं आणि माणूस "भूक नाही" म्हणून मोकळा होतो.

"दोन घास तरी खा" हे वाक्य आपल्या घरात प्रेमाचं वाक्य आहे. पण उमासे येत असलेल्या माणसाला ते दिवसातून दहा वेळा ऐकावं लागलं की त्याला जेवणाची भीती बसते. माझ्याकडची एक आजी सुनेच्या समाधानासाठी खायची आणि मोरीत जाऊन ओकायची. तुमच्या आईंनी केमोच्या आठवड्यात कमी खाल्लं तर चालेल. पाणी मात्र गेलं पाहिजे. लघवी दिवसभरात दोनदाच आणि गडद पिवळी होत असेल, तर सलाइन लागतंय का ते दाखवून या.

झिणझिण्या पॅक्लिटॅक्सेलच्या आहेत हे जवळपास नक्की. हे औषध हातापायांच्या टोकांच्या नसांना इजा करतं. केमो देणाऱ्या डॉक्टरांना हे प्रत्येक सायकलआधी सांगायलाच हवं, कारण झिणझिण्या वाढत गेल्या तर डोस कमी करावा लागतो, आणि उशीर झाला तर बधिरपणा कायम राहू शकतो. दुखणाऱ्या झिणझिण्यांवर ड्युलोक्सेटिनचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. ट्रामाडॉलबरोबर ते देताना डॉक्टरांना विचार करावा लागतो, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका. गांजाचा या विशिष्ट त्रासावर भरवशाचा पुरावा नाही.

पोटदुखीवरही नाही. कॅन्सरच्या वेदनांवर, मॉर्फिनसारख्या औषधांनीही न थांबणाऱ्या दुखण्यावर, टीएचसी आणि टीएचसी-सीबीडीचा फवारा अनेक अभ्यासांत वापरून पाहिला गेला. असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्याने तो निरुपयोगी ठरवला. ट्रामाडॉल पुरत नसेल तर पुढची पायरी मॉर्फिनची आहे. इथे मला लोकांचं एक वागणं फार लागतं. मॉर्फिनचं नाव काढलं की नातेवाईक म्हणतात, "नको डॉक्टर, सवय लागेल, म्हणजे आता शेवटच का?" आणि त्याच घरात कुणीतरी आणून दिलेलं, कशापासून काढलं ते माहीत नसलेलं काळं तेल फ्रीजमध्ये असतं. मॉर्फिनचा डोस मिलिग्रॅममध्ये माहीत असतो, तो कमी-जास्त करता येतो, उतरवताही येतो. वेदनेसाठी नीट दिलेल्या मॉर्फिनने पेशंट व्यसनी होणं फार विरळ. त्यासाठीच २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल करून मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं केलं.

झोपेचं वेगळं फार काही लिहीत नाही. उलटी आणि दुखणं आटोक्यात आलं की अर्धी झोप येते. डेक्सामेथासोन संध्याकाळी दिलं तर रात्रभर डोळा लागत नाही, ते सकाळी नाश्त्याबरोबर द्यायचं का, तेवढं विचारून घ्या.

इथवरचं थोडक्यात: उलट्यांवर आधी वेळेवर आणि पूर्ण औषधं, पोट साफ ठेवणं, ओलान्झापिनबद्दल विचारणं, भूक आणि झोपेला त्यातूनच मदत, झिणझिण्या आणि दुखण्यावर गांजा नाही. यानंतरही उलट्या राहिल्या तर डॉक्टरांच्या नजरेखाली मोजून दिलेलं टीएचसी, हा विचार करता येतो.

आता शेजारच्या काकांची भांग. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि महाशिवरात्रीची थंडाई पिऊन त्यांना स्वतःला काही झालेलं नसेल. पण कच्च्या पानात टीएचसी ज्या रूपात असतं ते नशा करत नाही. ते तापवल्यावर बदलतं. किती तापवलं, किती वेळ, तुपात की दुधात, पानं कुठली, यावर ताकद ठरते. एकाच घरात केलेल्या दोन गोळ्यांत फरक पडतो. शिवाय पोटातून घेतलेलं टीएचसी यकृतातून जाताना आणखी तीव्र रूप घेतं. परिणाम जाणवायला एक ते दोन तास लागतात, आणि मग तो सहा-आठ तास राहतो. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरा पेला दिला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. लालबागची एक पेशंट अशीच रात्री मोरीकडे जाताना पडली आणि खुबा मोडला. केमो महिनाभर थांबली. टीएचसीने रक्तदाब उभं राहताना उतरतो, छाती धडधडते. पाणी कमी झालेल्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला तेवढं पुरतं. काही लोकांना भीतीचे झटके येतात, भास होतात. म्हातारी माणसं रात्री घर ओळखत नाहीत.

गांजा ओढणं तर अजिबात नको. वाळलेल्या गांजावर अॅस्परजिलस जातीची बुरशी असू शकते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा ती बुरशी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

औषधांशी होणारी भांडणंही आहेत. सीबीडी यकृतातल्या त्याच यंत्रणेवर बसतं जी इतर कित्येक औषधं मोडून काढते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पायात रक्ताची गाठ होणं नेहमीचं, आणि त्यासाठी रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) चालू असेल तर त्यांनी जास्तच जपावं: इस्रायलमधल्या दोन अभ्यासांत गांजा घेणाऱ्यांमध्ये इम्युनोथेरपीचा परिणाम कमी दिसला. ते अभ्यास निरीक्षणाचे होते, गांजानेच असं झालं हे त्यांनी सिद्ध होत नाही. पण लाखांचं औषध चालू असताना मी हा धोका पत्करायला सांगणार नाही.

गाठ विरघळते हा निरोप कुठून आला ते सांगते. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशींवर भरपूर सीबीडी किंवा टीएचसी टाकलं की काही पेशी मरतात. हे खरं आहे. ताटलीत त्या पेशी मारणारी हजारो द्रव्यं आहेत. माणसाच्या शरीरात तेवढं प्रमाण पोचवून आजार मागे हटतो असं गांजाच्या बाबतीत दिसलेलं नाही. तुमच्या आईंची केमो मात्र याच आजारावर वर्षानुवर्षं तपासलेली आहे. तेलावर भरवसा ठेवून चौथी सायकल पुढे ढकलू नका. माझी एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी पुरे.

पोलिसांबद्दल. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे राळ. राळेचं घट्ट तेलही चरसच. नुसती पानं, फुलोऱ्याशिवाय, त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच पानांपासून केलेला विजयाचा अर्क आयुष परवान्याखाली, वैद्यांच्या चिठ्ठीवर विकला जातो, आणि म्हणूनच महाराष्ट्रात भांगेवर १९४९च्या दारूबंदी कायद्याचं वेगळं बंधन आहे. कुणी ओळखीच्याकडून आणलेला गांजा किंवा काळं तेल घरात सापडलं, तर "आईला कॅन्सर आहे" ही सबब कायद्यात नाही. थोड्या प्रमाणासाठीही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अमेरिका-कॅनडातल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या गांजाच्या गमीज (जेलीच्या गोळ्या) विमानतळावर सापडल्या तर तो आयातीचा गुन्हा आहे. आणि त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. घरात लहान मूल असेल तर हे लक्षात घ्या.

तुमच्या बाटलीवर आयुष परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचं नाव, बॅच नंबर, टीएचसी आणि सीबीडी वेगवेगळं मिलिग्रॅममध्ये, हे सगळं आहे का ते बघा. नसेल तर बाजूला ठेवा. असेल तरी आईंना न सांगता चहा-दुधातून देऊ नका. काही घरांत असं करतात, आणि पेशंटला भास झाले की त्याला वाटतं आपलं डोकं फिरलं. पूर्वी कधी वेड लागल्यासारखं झालं असेल, हृदयाचा त्रास असेल, तर विषयच संपला.

डॉक्टर रागावतील का? काही रागावतात. सकाळपासून शेकडो पेशंट पाहणाऱ्या माणसाकडे या विषयासाठी वेळ नसतो, हे मी रोज पाहते. पण तरी सांगा. "आम्ही हे देऊ का" असं विचारण्याऐवजी "उलट्या दुसऱ्या दिवशी सुरू होतात, दिवसाला इतक्या होतात, या गोळ्या या वेळेला दिल्या, तरी थांबत नाहीत, घरात कुणीतरी विजयाचं तेल आणलंय, ते अजून दिलेलं नाही" असं सांगितलंत, तर बोलणं वेगळ्या वाटेने जातं. बाटली बरोबर न्या. आणि पॅलिएटिव्ह ओपीडीची चिठ्ठी मागा. हा शब्द ऐकून घाबरू नका. केमो चालू असतानाच आमच्याकडे यायचं असतं. टाटामध्ये हा वेगळा विभाग आहे, आणि इतर मोठ्या रुग्णालयांतही आता वेदनाशमनाच्या ओपीडी चालतात. वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं तेव्हापासून लोकांच्या मनात या कामाचं नातं फक्त शेवटच्या दिवसांशी जोडलं गेलंय. आज आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका केमो पूर्ण करून कामावर परत जातात.

पुढच्या सायकलपर्यंत एक वही करा. केमोचा दिवस पहिला धरून आठ दिवस, रोज चार गोष्टी लिहा: उलट्या किती आणि कशा रंगाच्या, शौचाला झालं की नाही, उलटीची गोळी किती वाजता दिली, पाणी साधारण किती गेलं. ताप १०० फॅरनहाइटच्या वर गेला तर वही बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. चौथ्या सायकलनंतरचं ते पान इथे टाका, आणि आईंना कोणत्या उलटीच्या गोळ्या लिहून दिल्यात तेही लिहा. त्यावरून पुढचं बोलता येईल.